पगार होतो, कर्ज फिटतं

मराठीत पाऊस होतो, लग्न होतं, मूल होतं आणि पगार होतो. 'पगार झाला का?' असं आपण विचारतो. 'पगार दिला का?' असं विचारायचं तर वाक्यात देणारा माणूस आणावा लागतो, आणि तो आणायला आपण सहसा तयार नसतो. 'झाला' म्हटलं की भागतं. पाऊस लांबला की आभाळाकडे बघायचं, पगार लांबला की मोबाइलकडे. कुणी लांबवला, कशासाठी, हे प्रश्न त्या 'झाला'मध्ये विरघळून जातात.

माझं पोट याच शब्दावर चालतं. खराडीतल्या एका कंपनीत मी गेली अकरा वर्षं पेरोलचं काम करते, म्हणजे दुसऱ्यांचे पगार वेळेवर 'होतील' याची व्यवस्था बघते. माझ्या वाट्याला आलेली माणसं स्पेनमध्ये आहेत. त्यांची नावं, रजा, आजारपणं, मुलं किती, कर किती, सगळं मला ठाऊक असतं. चेहरा एकाचाही ठाऊक नाही. स्पेनमध्ये पुष्कळांना वर्षाला बारा नव्हे, चौदा पगार मिळतात. एक जादा पगार उन्हाळ्यात, एक नाताळात. त्यामुळे जून आणि डिसेंबर हे महिने म्हणजे आमच्या टीमची आषाढी-कार्तिकी.

या कामासाठी स्पॅनिश शिकायला लागलं. डेक्कनवर संध्याकाळचा क्लास होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर 'आर'ने संपणारी क्रियापदं लिहिली. हाब्लार म्हणजे बोलणं, त्राबाखार म्हणजे काम करणं, पागार म्हणजे पैसे देणं. तिसऱ्या शब्दाला वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "हसू नका, हा तुमच्या घरातलाच आहे. कुठून आला ते शोधा." त्या दिवसापासून मी शोधते आहे.

*

आपला पगार पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, आणि हे क्रियापद दोघींकडे एका अक्षराचाही फरक न होता तेच आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं 1510 मध्ये. वसई त्यांच्याकडे गेली 1534 मध्ये आणि चिमाजीअप्पांनी ती परत मिळवली 1739 मध्ये. म्हणजे उत्तर कोकणात दोनशे वर्षांचा शेजार झाला. गोव्यात तर साडेचारशे वर्षांचा. पुण्यातही त्या शेजाराची खूण आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. क्वार्टर गेटजवळचं चर्च 1792 मध्ये त्यांच्यासाठी, सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं.

गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी आशियातल्या भाषांमध्ये शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचं इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये बडोद्याहून निघालं. मराठीतले पोर्तुगीज शब्द म्हटलं की बटाटा, पाव, काजू, हापूस ही खाण्यापिण्याची यादी सगळ्यांना पाठ असते. मला थांबवलं ते कामाच्या शब्दांनी. मिस्त्री, घमेलं, पिंप, चावी, बिजागरी, लिलाव, तुरुंग. बांधकामावर जो माणूस मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहतो आणि आठवड्याच्या शेवटी पगार घेतो, त्याच्या दिवसातले तीन मोठे शब्द समुद्रावरून आलेले आहेत.

एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. पोर्तुगीजांकडे मोबदल्यासाठी 'पागा' असं वेगळं नाम होतं. आपण ते न घेता 'देणे' या अर्थाचं क्रियापदच उचललं आणि त्याचं नाम करून टाकलं. क्रियापद असतं तोवर कर्ता लागतो: कोणीतरी कोणाला तरी काहीतरी देतो. नाम झालं की कर्ता सुटतो. मग उरतो फक्त 'पगार', आणि तो होतो किंवा होत नाही.

*

लॅटिनमध्ये मूळ क्रियापद 'पाकारे'. दोन स्वरांमध्ये सापडलेला 'क' स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये मऊ होऊन 'ग' झाला. लॅटिन 'आमिकुस'चा 'आमिगो' झाला, तसा 'पाकारे'चा 'पागार'. आपल्याला हे परकं वाटायला नको. मकराची मगर आणि प्रकटचं प्रगट आपण याच वाटेने केलेलं आहे. फ्रेंचांनी तर तो 'ग'ही गिळला आणि 'पेये' केलं. त्यातून इंग्रजीचा 'पे' आला. म्हणजे 'पे-स्लिप' आणि 'पगारपत्रक' हे दोन शब्द एकाच आजीची नातवंडं आहेत.

पण 'पाकारे'चा अर्थ पैसे देणं नव्हता. तो 'पाक्स'वरून आलेला शब्द, आणि पाक्स म्हणजे शांतता. पाकारे म्हणजे शांत करणे. ही शांतता फार प्रेमळ नव्हे. सीझरने गॉल प्रदेश जिंकला त्याच्या हकिगतीत हे क्रियापद येतं. बंड मोडलेला, गुडघ्यावर आणलेला मुलूख म्हणजे 'शांत केलेला' मुलूख. पुढे लॅटिन उतरणीला लागली तेव्हा अर्थ सरकला. दाराशी ओरडणाऱ्या माणसाला शांत करायचं, त्याचं समाधान करायचं. आणि सावकार किंवा शिपाई दाराशी ओरडत असेल तर त्याचं समाधान एकाच गोष्टीने होतं. शांत करणे, मग संतुष्ट करणे, मग पैसे देणे. मधल्या पायरीचं अवशेष स्पॅनिशमध्ये अजून आहे. स्वतःवरच खूश असलेल्या माणसाला ते 'स्वतःने पागादो' म्हणतात. पैशाचा तिथे काही संबंध नसतो.

आणखी एक पायरी खाली उतरलं की पाक्स हा शब्द 'घट्ट बसवणे, बांधणे' या अर्थाच्या एका फार जुन्या धातूला जाऊन मिळतो. करार या अर्थाचा लॅटिन 'पाक्तुम' तिथलाच. आणि भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातला 'पाश' याच कुळात ठेवतात. शांतता म्हणजे बांधून घेतलेला तह. पगार आणि पाश हे फार दूरचे चुलत भाऊ निघावेत, हे महिन्याचा हप्ता भरणाऱ्या कुणालाही पटेल.

त्याच फळ्यावरचा दुसरा शब्द, 'त्राबाखार', याची कुळकथा तर आणखी वाईट. तो 'त्रिपालियुम'वरून आला असं मानतात. त्रिपालियुम म्हणजे तीन खुंटांचं छळाचं साधन. तेव्हा काम म्हणजे छळ, आणि त्यावर जे मिळतं ते गप्प बसवणं. स्पॅनिश व्याकरणाच्या पहिल्या धड्यात एवढं सगळं असतं.

मोबदल्याचे सगळेच शब्द असं म्हणत नाहीत. प्रत्येक शब्दाची नजर वेगळी. फारसीतला 'तनखा' शरीराकडे बघतो: तन म्हणजे अंग, ख्वाह म्हणजे मागणारा, अंगाला जे लागतं ते. हा शब्द मराठीत पुढे संस्थानिकांच्या वाट्याला गेला आणि 1971 मध्ये त्यांचे तनखे बंद झाल्यावर जवळजवळ निवृत्तच झाला. अरबीतून आलेला 'मुशाहिरा' फक्त महिन्याकडे बघतो. संस्कृतातला 'भृत्य' म्हणजे ज्याचं भरणपोषण करायचं तो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भृत्यांच्या भरणाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात सर्वांत वरच्यांना 48,000 पण, तर सर्वांत खालच्यांना 60 पण. पगारातली तफावत हा विषय तेव्हाही ताजा होता. स्पॅनिशमधला 'सुएल्दो' हा 'सोलिदुस' या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आला, आणि त्याच नाण्यावरून 'सोल्दादो', म्हणजे शिपाई. शिपाई म्हणजे नाणं घेतलेला माणूस. राहिला 'सालारियो', म्हणजे सॅलरी. त्यात मीठ आहे हे खरं, पण रोमन शिपायांना पगार मिठाच्या पोत्यात मिळायचा ही जी गोष्ट ट्रेनिंगमध्ये आवर्जून सांगतात, तिला पुरावा नाही.

*

शिपायाला पगाराने शांत करायचं असतं, हे पुण्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मराठी फौजांमध्ये पगार थकणं नित्याचं होतं. थकबाकी फार झाली की शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणं धरून बसत, त्याला जेवू देत नसत, स्वतःही जेवत नसत. धरणं हा मुळात सावकाराचा मार्ग: ऋणकोच्या दारात बसायचं आणि देणं मिळाल्याशिवाय उठायचं नाही. शिपायांनी तो उचलला याचा अर्थ सरळ आहे. थकलेला पगार हे त्यांच्या लेखी कर्ज होतं आणि आपण सावकार होतो.

30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारदी घुसले तेही पगाराच्या थकबाकीचा गलका करत. निमित्त पगाराचं, आत कट वेगळाच. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' करणारी ती एका अक्षराची कथा, 'ध'चा 'मा', आपण लहानपणापासून ऐकतो. इतिहासात ती कितपत टिकते हा भाग वेगळा. पण लोकांनी ती अडीचशे वर्षं सांभाळली, कारण कागदावरचा एक शब्द बदलला की माणसाचं काय होतं हे त्यांना ठाऊक आहे. मला त्या गोष्टीतलं अक्षर कमी आठवतं आणि बाहेरचा गलका जास्त. थकलेल्या पगाराचा गलका इतका रोजचा होता की त्याच्या आडून काहीही आत नेता येत होतं.

*

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. आम्ही कसब्यात राहायचो. सकाळी ते शिवाजीनगरला चालत जाऊन लोकल पकडत. पगाराची तारीख सात. ती सात का, हे मला पेरोलमध्ये आल्यावर कळलं. पगार वेळेवर देण्याविषयीचा तेव्हाचा कायदा 1936 चा होता. हजारापेक्षा कमी कामगार असले तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जास्त असले तर दहाच्या आत पगार द्यावा लागे. आमच्या घरात मात्र सात तारीख ही एकादशी-संकष्टीसारखी होती. आई त्या दिवशी वाण्याची वही काढून ठेवायची. बाबा पाकीट देवापुढे ठेवत, मग आईकडे देत. त्या संध्याकाळी घरात खरोखरच शांतता असे. त्या एका अर्थाने लॅटिन बरोबर आहे.

1997 च्या पावसाळ्यात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. मी बारावीत होते. कुणालाही कामावरून काढलं नव्हतं. 'तात्पुरतं काम बंद' असा कागद लावला होता, आणि तो तात्पुरता कागद उन्हाने पिवळा पडून गळून गेला तरी नवा लागला नाही. काढलं असतं तर त्याच 1936 च्या कायद्याप्रमाणे दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत सगळा पगार द्यावा लागला असता. म्हणून काढलं नाही. आठ महिन्यांचा पगार आधीच थकला होता. बाबा सकाळी लोकलने जात, फाटकासमोर बसत, संध्याकाळी येत. काही महिन्यांनी रोज जाण्याचं आठवड्यातून एकदा झालं. मग त्यांनी भवानी पेठेत एका वर्कशॉपमध्ये रोजंदारी धरली.

दर दिवाळीच्या आधी फाटकावरची गर्दी वाढायची, घोषणा व्हायच्या, आणि मग मालकांकडून थोडी रक्कम यायची. कधी पाचशे, कधी हजार. 'उचल' म्हणून सही घ्यायचे. म्हणजे ज्यांचे हजारो रुपये कंपनीकडे अडकलेले, त्यांनाच कंपनी आगाऊ पैसे देत होती. आई म्हणायची, "तोंडाला पानं पुसतात." बाबा काही बोलत नसत. पैसे घेत. दिवाळीनंतर फाटक पुन्हा ओस पडे. 'शांत करणे' या अर्थाचं क्रियापद इतकं तंतोतंत चालताना मी नंतर कधी पाहिलं नाही. त्या हजार रुपयांना पगार म्हणणं बाबांना मंजूर नव्हतं, पण लॅटिनच्या हिशेबाने तोच खरा पगार होता.

त्या काळातला एक कागद माझ्याकडे आहे. कामगारांनी साहेबांना द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा, बाबांच्या अक्षरात. बाबांचं अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यात शेवटी वाक्य आहे: 'तरी आमचे थकलेले पगार व्याजासह फेडावेत.' 'फेडावेत'वर युनियनच्या कुणीतरी निळ्या शाईने काट मारून वर 'अदा करावेत' केलं आहे. त्याखाली बाबांनी पुन्हा 'फेडावेत' लिहिलं आहे. पुन्हा काट. आई सांगते, त्यावर बराच वाद झाला. युनियनवाल्यांचं म्हणणं, पगार फेडत नाहीत, कर्ज फेडतात. अर्ज चुकीच्या मराठीत गेला तर साहेब हसतील. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की महिनाभर काम आधी केलं, पैसे नंतर, मग ते कर्जच की.

अर्ज 'अदा करावेत' असाच गेला.

*

मी या वादाकडे व्याकरणाचा वाद म्हणून बरीच वर्षं बघत होते. व्याकरणात युनियनवाले बरोबर आहेत. मराठीत कर्ज फेडतात, ऋण फेडतात, उपकार फेडतात, नवस फेडतात, आईवडिलांचे पांग फेडतात. पगार कुणी फेडत नाही. पगार देतात, करतात, वाढवतात, कापतात, थकवतात. फेडत नाहीत.

'फेडणे'चा मूळचा अर्थ सोडणे, उलगडणे. नेसलेलं वस्त्र फेडतात, निरी फिटते. कर्ज म्हणजे गाठ. ती सुटली की कर्ज फिटलं. लॅटिननेही हीच प्रतिमा स्वतंत्रपणे गाठली होती. 'सोल्वेरे' म्हणजे सैल करणे, सोडवणे, आणि म्हणून देणं फेडणे. इंग्रजीत ज्याला 'सॉल्व्हंट' म्हणतात तो, म्हणजे आपलं देणं फेडू शकणारा, तिथूनच आला. म्हणजे पैसे देण्याची दोन चित्रं आहेत. एकात समोरच्याला शांत केलं जातं. दुसऱ्यात गाठ सोडली जाते. पहिल्या चित्रात गलका ही अडचण आहे. गलका थांबला की काम झालं, मग गाठ असो वा नसो. दुसऱ्या चित्रात अडचण गाठ आहे. समोरचा गप्प असला, दमून घरी गेला, मेला, तरी ती असतेच. म्हणून तर आपण गेलेल्या माणसांचंही ऋण फेडायला निघतो.

आपल्याकडे तिसरंही एक क्रियापद आहे, चुकवणे. हिशेब चुकता करणे म्हणजे पूर्ण देऊन टाकणे. आणि कर चुकवणे, नजर चुकवणे म्हणजे टाळणे. देणं आणि टाळणं एकाच धातूत बसवणारी भाषा भोळी नसते.

मालकाला पगार हा शब्द सोयीचा आहे, कारण तो फेडायचा नसतो. पण साधा हिशेब करा. एक तारखेला कामावर गेलेल्या माणसाला त्या दिवसाचे पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेला मिळतात. तोपर्यंत त्याची मेहनत मालकाकडे उधार असते. बिनव्याजी, बिनतारण. जगातला प्रत्येक पगारदार महिनाभर आपल्या मालकाचा सावकार असतो, आणि भाषेत मात्र तो हात पसरणारा असतो. अडीचशे वर्षांपूर्वी धरणं धरणाऱ्या शिपायाला हे कळलं होतं. पिंपरीच्या टर्नरलाही.

*

पैसे मिळाले 2009 मध्ये. मधली बारा वर्षं कोर्ट, जमिनीचा व्यवहार, याद्या, पडताळणी. बाबांच्या वाट्याला एक लाख बारा हजार आले. आकडा 1997 च्या हिशेबाचा होता, व्याज नाही. पावतीवर छापलेलं होतं, की सर्व येणे पूर्ण व अंतिम मिळाले, आता कोणतीही मागणी उरलेली नाही. त्याखाली सही करायची. बाबांनी केली. त्यांच्या मागे दोनशे माणसं उभी होती.

चेक जमा झाल्यावर बाबा लक्ष्मी रोडवर गेले. 1998 मध्ये माझ्या भावाच्या पॉलिटेक्निकच्या फीसाठी आत्याने तिच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. तेव्हा तोळा चार हजारांच्या आसपास होता, म्हणजे आठ हजार रुपये. 2009 मध्ये तोळा पंधरा हजारांच्या आसपास गेला होता. बाबांनी आठ हजार परत केले नाहीत. दोन तोळ्यांच्या पाटल्या केल्या. भाऊ म्हणाला, "बाबा, व्याज धरून वीस हजार दिले तरी चालतील." बाबा म्हणाले, "अक्काने मला रुपये दिले नव्हते."

लॅटिनमध्ये पैसे देण्याला आणखी एक क्रियापद होतं, 'पेंदेरे', म्हणजे तोलणे. नाणी येण्याआधी धातू तोलून देत. त्यावरून पेन्शन. स्पॅनिशमध्ये विचार करणं म्हणजे 'पेन्सार', तेही तोलणंच. बाबांना महिन्याला चौदाशे रुपये पेन्शन येतं. 1995 च्या योजनेतलं किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपये आहे, तेव्हा ते किमानाच्या वरच आहेत. हे कुणी तोललं आणि कुठल्या काट्यावर, असा प्रश्न पडतो. पाटल्यांचा काटा मात्र मी पाहिला आहे. सराफाने तोलल्या, बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला, आणि आम्ही तिथूनच रिक्षाने आत्याकडे गेलो. आत्याने पाटल्या हातात घेतल्या, थोडा वेळ नुसत्या धरून ठेवल्या आणि म्हणाली, "फिटलं रे सगळं." 'मिळालं' म्हणाली नाही.

*

माझ्या कामात महिन्याला आठ-दहा 'फिनिकितो' करावे लागतात. कामगार नोकरी सोडतो किंवा त्याला काढतात तेव्हाचा अखेरचा हिशेब. भरलेले दिवस, न घेतलेली रजा, जादा पगारांचा त्या तारखेपर्यंतचा हिस्सा. आपल्याकडे त्याला 'फुल अँड फायनल' म्हणतात. 'फिन' म्हणजे शेवट. 'कितो' म्हणजे देण्याघेण्यातून मोकळा, आणि हा शब्द शांत, निवांत या अर्थाच्या लॅटिन 'किएतुस'चा. इथेही पुन्हा शांतताच. अखेरची.

कागद तयार होतो, तिकडे जातो, सही होऊन स्कॅन माझ्याकडे परत येतो. त्यातल्या काहींवर सहीशेजारी हाताने दोन शब्द लिहिलेले असतात: 'नो कॉन्फोर्मे'. म्हणजे, सहमत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिशेब चुकला. माद्रिदच्या सहकाऱ्याने सांगितलं, चुकलेला नाही, हे नेहमीचंच आहे. कामगार पैसे घेतो, सहीही करतो, आणि एवढं लिहून ठेवतो. म्हणजे पैसे पोचले, पण आकडा मान्य नाही, आणि पुढे दाद मागायची वाट बंद केलेली नाही. माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरव्या अक्षरात 'पागादो' येतं. दिले गेले. शब्दशः, शांत केले गेले. आणि कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं असतं, की झालेलो नाही.

एका रविवारी हे बाबांना सांगितलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कानाला कमी येतं. मी कागदावर देवनागरीत लिहून दाखवलं आणि खाली अर्थ लिहिला. त्यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला.

"असं लिहिता येतं?"

"येतं."

"सहीच्या शेजारी?"

"हो, शेजारीच."

"आणि तरी पैसे देतात?"

"द्यावेच लागतात, बाबा."

त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, सालवार लावलेल्या, 1974 पासून. सगळ्यांत वर 2009 च्या त्या पावतीची झेरॉक्स असते. डबा काढून त्यांनी घडी त्या झेरॉक्सला टाचणीने लावली आणि झाकण घट्ट बसवलं.